एक सिस्टीम कॉल पकडा, कर्नल उलगडेल

लिनक्स कर्नलच्या कोडमध्ये ‘डीबग_कोअर.सी’ नावाची एक फाइल आहे. तिच्या माथ्यावर, कोड सुरू होण्याआधी, या फाइलीवर कोणी कोणी काम केले त्याची यादी दिलेली आहे. त्या यादीत २००३-०४ या वर्षांसमोर अमित एस. काळे हे नाव सापडते आणि २००४-०६ समोर लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज या पुण्याच्या कंपनीचे. ही फाइल ‘केजीडीबी’ या साधनाचा गाभा आहे. चालू कर्नल मध्येच थांबवून त्याच्या आत काय चालले आहे ते दुसऱ्या संगणकावरून ओळ न् ओळ पाहता यावे, यासाठी ते बनवले गेले. लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांचा कर्नलमध्ये असा डीबगर घालायला बराच काळ विरोध होता. म्हणून हे काम कित्येक वर्षे मुख्य कोडच्या बाहेर, पॅचच्या रूपात जगले आणि २००८ साली २.६.२६ या आवृत्तीत मूळ कर्नलमध्ये दाखल झाले.

जगभरच्या सर्व्हरांत आणि मोबाइलांत चालणाऱ्या कोडमध्ये एक मराठी आडनाव आहे, याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्या यादीतली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. एका फाइलीमागे अनेक माणसे आहेत, प्रत्येकाने आपल्या वाट्याचा तुकडा नीट समजून घेतला आणि त्यात भर घातली. सगळा कर्नल डोक्यात असलेला माणूस त्यांच्यात असण्याची गरज नव्हती.

पुणे आणि बंगळूर ही देशातली कर्नलवरच्या कामाची दोन मोठी ठिकाणे. त्यांना जोडणारा लोहमार्ग मिरज, बेळगाव, लोंढा, अळणावर, धारवाड, हुबळी असा जातो. अळणावर हे या मार्गावरचे जंक्शन. घरी मराठी, बाजारात कन्नड, वहीत इंग्रजी असा इथल्या मुलांचा रोजचा व्यवहार असतो. जवळच्या धारवाडात २०१६ पासून आयआयटी आहे आणि हुबळी-धारवाडात जुनी, नावाजलेली अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तिथे ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय शिकवला जातोच. पण परीक्षेपुरता अभ्यास करणाऱ्याची गाठ शेड्यूलिंगची गणिते, बँकर्स अल्गोरिदम आणि पेज बदलण्याच्या तक्त्यांशीच पडते. हे सगळे ज्या कोडमध्ये प्रत्यक्ष घडते तो कोड न उघडताच विषय संपतो. तो कोड फुकट मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालवता येतो. तो वाचायचा कसा, एवढे कळले की पुरे.

पहिल्या पानापासून का वाचू नये

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा तो भाग, ज्याच्या हाती यंत्राचा पूर्ण ताबा असतो. कोणत्या प्रोग्रामला किती वेळ प्रोसेसर द्यायचा, कोणाला कोणती मेमरी द्यायची, डिस्कवर काय कुठे लिहायचे, की-बोर्डवरून आलेले अक्षर कोणाच्या हवाली करायचे, हे सगळे तो ठरवतो. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये लिनक्सची ०.०१ ही आवृत्ती आली तेव्हा तिचा कोड साधारण दहा हजार ओळींचा होता. १९९४ च्या मार्चमधली १.० आवृत्ती पावणेदोन लाख ओळींच्या पुढे गेली. आजचा कर्नल साडेतीन कोटी ओळींच्याही वर आहे.

हा आकडा ऐकून घाबरायचे कारण नाही. यातला निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचा आहे, म्हणजे निरनिराळी नेटवर्क कार्डे, ग्राफिक्स चिपा, कॅमेरे, डिस्क यांच्याशी बोलणारा कोड. उरलेल्यात निरनिराळ्या प्रोसेसरांसाठीचे, फाइल सिस्टीमचे आणि नेटवर्कचे भाग येतात. प्रोसेस, शेड्यूलर आणि मेमरी सांभाळणारा गाभा एकूण ओळींच्या मानाने लहान आहे.

तरीही तो कादंबरीसारखा वाचता येत नाही. कर्नलला ‘सुरुवात’ एकदाच असते, यंत्र चालू होताना. त्यानंतर तो स्वतःहून काही करत बसत नाही. कोणी प्रोग्राम काही मागतो (या मागणीलाच सिस्टीम कॉल म्हणतात), कोणते यंत्र इंटरप्ट देते, घड्याळाचा ठोका पडतो, की त्या त्या निमित्ताने त्याचा एकेक भाग जागा होतो. म्हणून वाचायची योग्य रीत एकच: अशी एखादी मागणी पकडायची आणि ती प्रोग्रामपासून हार्डवेअरपर्यंत आणि तिथून परत कशी जाते, त्याचा शेवटपर्यंत माग काढायचा. एक माग पूर्ण झाला की दुसरा. चार-सहा माग एकमेकांना छेदू लागले की कर्नलची रचना आपोआप ध्यानात येऊ लागते.

आधीची तयारी

सी भाषा पक्की हवी. त्यातही पॉइंटर, स्ट्रक्चर, फंक्शनकडे बोट दाखवणारे पॉइंटर, बिटांवरच्या क्रिया आणि लिंक्ड लिस्ट. कर्नलमध्ये या पाच गोष्टी जागोजागी भेटतात. फंक्शन पॉइंटर कच्चा असेल तर पुढे एकही माग पूर्ण होणार नाही, म्हणून त्यावर आठवडाभर जादा घालवला तरी चालेल. सोळाच्या पायावरचे अंक सहज वाचता यावेत. असेंब्ली लिहिता आली नाही तरी हरकत नाही, पण रजिस्टर म्हणजे काय, स्टॅक कसा वाढतो आणि फंक्शनला हाक मारल्यावर परतीचा पत्ता कुठे राहतो, एवढे ठाऊक असावे.

यंत्र साधे चालते. उबंटूसारखे एखादे लिनक्स, जीसीसी कंपायलर, जीडीबी डीबगर, गिट आणि ‘क्यूएमू’ हा एम्युलेटर एवढे सामान पुरते. क्यूएमू लॅपटॉपच्या आत दुसरा, खोटा संगणक उभा करतो. त्यात कर्नल कितीही वेळा कोसळला तरी खऱ्या डिस्कला धक्का लागत नाही. शिकणाऱ्याला मोकळेपणाने मोडतोड करता येते, हा त्याचा सर्वांत मोठा फायदा.

लहान कर्नलपासून सुरुवात

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर एक धाडस केले. लिनक्स जिच्या धर्तीवर बेतला त्या युनिक्स सिस्टीमची सहावी आवृत्ती १९७५ साली आली होती. तिच्या कर्नलचा सुमारे नऊ हजार ओळींचा कोड त्यांनी छापून विद्यार्थ्यांच्या हाती दिला आणि सोबत त्यावरचे विवेचन लिहिले. सातव्या आवृत्तीच्या परवान्यात कोड वर्गात शिकवण्यावर बंधने आली. पण लायन्स यांच्या पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती जगभर हातोहात फिरत राहिल्या. ते पुस्तक रीतसर छापून यायला १९९६ साल उजाडले. एका पिढीने कर्नल शिकला तो या झेरॉक्सांवरून.

तोच विचार एमआयटीने २००६ साली पुढे नेला. फ्रान्स काशुक, रॉबर्ट मॉरिस आणि रस कॉक्स यांनी सहाव्या आवृत्तीची रचना डोळ्यांपुढे ठेवून आजच्या सीमध्ये ‘एक्सव्ही६’ नावाचा छोटा कर्नल लिहिला. आधी तो इंटेलच्या प्रोसेसरसाठी होता. २०१९ पासून त्याची रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर रचनेवरची आवृत्ती शिकवली जाते. त्याच्या कर्नलचा कोड दहा हजार ओळींच्या आत आहे आणि सोबत शंभरेक पानांचे पुस्तक फुकट मिळते. प्रोसेस, पेज टेबल, इंटरप्ट, लॉक, फाइल सिस्टीम, पाइप, शेल सगळे त्यात आहे. नेटवर्क नाही, ग्राफिक्स नाही, आणि शिकताना त्यांची उणीव भासत नाही.

आपल्याकडेही हाच कर्नल वर्गात वापरला जातो. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक मैथिली वुतुकुरू यांची ऑपरेटिंग सिस्टीमवरची व्याख्याने आणि आयआयटी मद्रासचे प्राध्यापक चेस्टर रेबेरो यांचा एनपीटीईएलवरचा अभ्यासक्रम, दोन्ही एक्सव्ही६ हाताशी धरून शिकवतात आणि कोणालाही विनामूल्य पाहता येतात. अळणावरच्या विद्यार्थ्याला त्यासाठी गाव सोडावे लागत नाही.

एका शब्दाचा प्रवास

एक्सव्ही६ सुरू केल्यावर शेलमध्ये ‘एको’ आज्ञा देऊन एखादा शब्द लिहावा. तो शब्द पडद्यावर उमटतो. या एवढ्याशा घटनेचा माग पहिल्या अभ्यासाला पुरेसा आहे.

‘एको.सी’ ही फाइल काही ओळींचीच आहे. तिच्यात ‘राइट’ फंक्शनला हाक मारलेली दिसते: पहिला आकडा १, म्हणजे पडदा, मग शब्दाचा मेमरीतला पत्ता, मग त्याची लांबी. पण ‘राइट’चे शरीर सी कोडमध्ये कुठेच सापडत नाही. ते ‘यूसिस’ नावाची पर्लमधली छोटी स्क्रिप्ट बनवते आणि त्यात तीनच सूचना असतात. ए७ या रजिस्टरमध्ये राइटचा क्रमांक, म्हणजे १६, ठेवायचा, ‘ईकॉल’ ही सूचना द्यायची, परत फिरायचे.

ईकॉल हा उंबरठा आहे. ही सूचना येताच प्रोसेसर साध्या प्रोग्रामच्या अधिकारातून कर्नलच्या अधिकारात शिरतो, आधी कुठे होतो तो पत्ता एका खास रजिस्टरमध्ये टिपून ठेवतो आणि कर्नलने आधीच सांगून ठेवलेल्या ठिकाणी उडी घेतो. ते ठिकाण ‘ट्रॅम्पोलिन.एस’ या असेंब्ली फाइलीत आहे. तिथला कोड प्रोग्रामची सगळी रजिस्टरे ‘ट्रॅपफ्रेम’ नावाच्या जागेत उतरवून ठेवतो, कर्नलचा स्टॅक आणि कर्नलचे पेज टेबल (कोणता पत्ता मेमरीत प्रत्यक्ष कुठे आहे ते सांगणारा तक्ता) लावतो आणि ‘ट्रॅप.सी’मधल्या ‘यूजरट्रॅप’ला हाक मारतो.

यूजरट्रॅप आधी विचारतो, आपण इथे का आलो? उत्तर एका रजिस्टरात असते. तिथे ८ हा आकडा असेल तर ही प्रोग्रामची मागणी आहे. मग तो टिपलेल्या पत्त्यात ४ मिळवतो. हे ४ कशासाठी, याचे उत्तर शिकणाऱ्याने स्वतः शोधावे असे आहे: ईकॉल ही सूचना चार बाइटांची असते आणि परतल्यावर तिच्या पुढच्या सूचनेपासून काम सुरू व्हायला हवे. ही एक ओळ काढून टाकली तर प्रोग्राम तीच मागणी पुन्हा पुन्हा करत राहील. काढून पाहावे.

पुढे ‘सिस्कॉल.सी’. ट्रॅपफ्रेममधून ए७ वाचला जातो, १६ निघतो, आणि फंक्शन पॉइंटरांच्या तक्त्यातल्या सोळाव्या घरातून ‘सिस_राइट’ला हाक जाते. ते फंक्शन १ या आकड्यावरून उघडलेली फाइल शोधते. फाइल साधी आहे, पाइप आहे की यंत्र, हे ‘फाइलराइट’ ठरवते. इथे ते कन्सोल नावाचे यंत्र आहे, म्हणून हाक ‘कन्सोलराइट’कडे वळते. आता एक नाजूक जागा येते. शब्दाचा जो पत्ता आला तो प्रोग्रामच्या पेज टेबलातला आहे. कर्नलच्या टेबलात त्याला काहीच अर्थ नाही. शिवाय प्रोग्रामने मुद्दाम खोटा पत्ता दिलेला असू शकतो. म्हणून ‘कॉपीइन’ प्रोग्रामचे पेज टेबल चाळून पत्ता खरा आहे का ते तपासते आणि मगच अक्षरे आत आणते. तिथून ती सीरियल पोर्टच्या ड्रायव्हरकडे जातात आणि पडद्यावर दिसतात. किती अक्षरे लिहिली तो आकडा ए० रजिस्टरात बसतो, ट्रॅपफ्रेम पुन्हा रजिस्टरांत भरली जाते आणि एको आपल्या पुढच्या ओळीवर येतो.

या एका प्रवासात अधिकारांची अदलाबदल, पेज टेबल, फाइलींची यादी, ड्रायव्हर आणि सुरक्षितता, सगळे भेटले. हा माग कागदावर काढावा. डावीकडे फाइलीचे नाव, मध्ये फंक्शन, उजवीकडे मराठीत एक वाक्य: इथे काय बदलले? ज्या ओळीसमोर वाक्य लिहिता येत नाही, ती ओळ अजून कळलेली नाही, असे खुशाल समजावे.

वाचण्याइतकेच मोडणे गरजेचे

नुसते वाचून आलेली समज फसवी असते. माग एकदा काढून झाला की स्वतःचा एक सिस्टीम कॉल घालावा. समजा, सध्या किती प्रोसेस चालू आहेत हा आकडा सांगणारा. त्यासाठी क्रमांकांच्या फाइलीत नवा क्रमांक, तक्त्यात नवे घर, यूसिस स्क्रिप्टमध्ये एक ओळ, प्रोग्रामांसाठीच्या हेडर फाइलीत घोषणा, कर्नलमध्ये प्रत्यक्ष फंक्शन आणि मेकफाइलमध्ये चाचणीचा प्रोग्राम, इतक्या ठिकाणी हात लावावा लागतो. यातली एखादी जागा राहिली तर कुठली चूक कुठे दिसते, हेही पाहण्यासारखे असते. प्रोसेसांचा तक्ता ६४ घरांचा आहे. तो चाळताना प्रत्येक घराचे लॉक घ्यायचे की नाही, या प्रश्नापाशी विद्यार्थी थांबला तर अभ्यास योग्य दिशेने चालला आहे.

जीडीबी सुरुवातीपासून वापरावा. क्यूएमूला जीडीबी जोडून यूजरट्रॅपवर थांबा लावला आणि एको चालवले की वर सांगितलेला सगळा प्रवास डोळ्यांसमोर, एकेक पाऊल करत, पाहता येतो. कर्नल ‘पॅनिक’ होऊन थांबला तर संदेश पुसून पुन्हा सुरू करण्याची घाई करू नये. कारणाच्या रजिस्टरात १३ असेल तर कोणी न दिलेली मेमरी वाचायला गेले, १५ असेल तर लिहायला गेले. शेजारच्या रजिस्टरात तो चुकीचा पत्ता असतो आणि तिसऱ्यात ती चूक करणाऱ्या सूचनेचा. ‘अॅडर२लाइन’ या साधनाला हा तिसरा पत्ता दिला की ते फाइल आणि ओळ दाखवते. असे आठ-दहा पॅनिक नीट सोडवले की पुस्तकातले अर्धे प्रकरण वेगळे वाचावे लागत नाही.

जिथे सगळेच अडखळतात

दोन जागा अवघड आहेत आणि त्या अवघडच राहणार, हे आधी ठाऊक असलेले बरे.

पहिली, प्रोसेस बदलण्याची. एक्सव्ही६ मधले ‘स्विच’ हे असेंब्लीतले फंक्शन १४ रजिस्टरे एका जागी ठेवते, दुसऱ्या जागेवरून १४ उचलते आणि परतते. चमत्कार असा की हाक एक प्रोसेस मारते आणि परत दुसरीच येते. बाकीची रजिस्टरे का जपली नाहीत? कारण फंक्शनला हाक मारताना ती जपण्याची जबाबदारी कंपायलरने आधीच हाक मारणाऱ्याकडे दिलेली असते. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत याच जागी, हे तुम्हाला समजावे अशी अपेक्षा नाही, अशा अर्थाची टीप होती. ती पुढे फार गाजली. युनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांनी नंतर खुलासा केला की, परीक्षेत हे विचारणार नाही अशा भावनेने ती लिहिली होती. आणि खरी अडचण अशी की तिथे काय चालले आहे ते त्यांनाही तेव्हा पूर्ण कळले नव्हते. युनिक्सच्या जनकांची ही गत असेल, तर नवख्याने या ठिकाणी आठवडा घालवला म्हणून मन खट्टू करू नये.

दुसरी जागा लॉकांची. अळणावरहून दांडेलीच्या बाजूला, आंबेवाडीपर्यंत, एकेरी फाटा जातो. एकेरी मार्गाच्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, आणि ती बाहेर पडल्याशिवाय दुसरीला सिग्नल नाही, हा रेल्वेचा नियम तिथल्या लहान मुलांनाही कळतो. कर्नलमधले लॉक हेच करते. संगणकशास्त्रज्ञ एडस्गर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात लॉकसारखेच काम करणाऱ्या सेमाफोरची कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे रेल्वेचे सिग्नलच होते. कोड वाचताना मात्र ‘लॉक घेतले’ एवढे पाहून पुढे जाऊ नये. हे लॉक नेमकी कोणती माहिती राखते, ते हाती असताना कोण झोपू शकतो, आणि दोन लॉके उलट क्रमाने घेतली गेली तर कोण अडकेल, हे तीन प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारावेत. एकाच प्रोसेसरने आपल्याच हातातले लॉक पुन्हा मागितले तर एक्सव्ही६ लगेच पॅनिक करतो. ते मुद्दाम घडवून पाहावे.

मग लिनक्स

एक्सव्ही६ मध्ये चार-पाच माग पुरे झाले की लिनक्सकडे वळावे. पद्धत तीच, फक्त वाटेत काही फसव्या जागा आहेत.

पहिली फसगत शोधतानाच होते. ‘सिस_राइट’चा कोड शोधायला जावे तर त्या नावाने लिहिलेले फंक्शनच मिळत नाही. कारण ते ‘सिस्कॉल_डिफाइन’ या मॅक्रोतून तयार होते. तीन आर्ग्युमेंट घेणाऱ्या कॉलसाठी मॅक्रोच्या नावाशेवटी ३ हा आकडा असतो, आणि राइटचे असे रूप ‘एफएस’ फोल्डरातल्या ‘रीड_राइट.सी’मध्ये सापडते. तिथून ‘केसिस_राइट’, मग ‘व्हीएफएस_राइट’, आणि पुढे माग अचानक तुटतो. फाइलीशी जोडलेल्या ‘फाइल_ऑपरेशन्स’ या तक्त्यातल्या फंक्शन पॉइंटरला हाक जाते आणि ते नेमके कोणते फंक्शन, हे फाइल एक्स्ट४ वर आहे, पाइप आहे की टर्मिनल, त्यावर ठरते. लिनक्समधले बहुतेक माग असेच तुटतात. मग त्या प्रकारचा तक्ता कोणी भरला ते शोधायचे, आणि माग पुन्हा सापडतो.

दुसरी फसगत ‘कंटेनर_ऑफ’ या मॅक्रोची. स्ट्रक्चरच्या पोटातल्या एका घराचा पत्ता देऊन अख्ख्या स्ट्रक्चरचा पत्ता तो वजाबाकीने काढतो. लिनक्सच्या याद्या याच युक्तीवर उभ्या आहेत. हा मॅक्रो साध्या सी प्रोग्राममध्ये उतरवून, पत्ते छापून, एकदा हाताने पडताळावा.

चालू यंत्राची मदत घ्यावी. ‘एसट्रेस’ कोणत्याही प्रोग्रामचे सिस्टीम कॉल एकापाठोपाठ दाखवतो. ‘एफट्रेस’ कर्नलच्या आत कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारली त्याचा पायऱ्यांचा आलेख देतो. तुटलेला माग जोडायला याहून चांगले साधन नाही. कोडमध्ये उड्या मारण्यासाठी ‘सीटॅग्ज’ आणि ‘सीस्कोप’ ही जुनी साधने अजून उत्तम चालतात. कर्नल कंपाइल करताना ‘लोकलमॉडकॉन्फिग’ हा पर्याय घेतला की आपल्या यंत्रात सध्या लागणारेच ड्रायव्हर उरतात आणि वेळ पुष्कळ वाचतो. तयार झालेला कर्नल आधी क्यूएमूमध्येच चालवावा.

सगळ्यांत दुर्लक्षित साधन म्हणजे गिटचा इतिहास. एखादी ओळ का आहे हे कोड सांगत नाही, पण ती ओळ ज्या बदलातून आली त्याच्या नोंदीत बहुधा कारण लिहिलेले असते. लिनक्सचा गिटमधला इतिहास २००५ च्या एप्रिलपासून, २.६.१२ च्या तयारीच्या आवृत्तीपासून सुरू होतो. त्या आधीचे शोधायला जुन्या आवृत्त्या वेगळ्या उतरवाव्या लागतात. सुरुवातीला उल्लेख आलेली डीबग_कोअर फाइल सरावाला चांगली आहे. २००८ मध्ये ती ‘केजीडीबी.सी’ या नावाने आली आणि २०१० मध्ये तिला आजचे नाव व आजचा फोल्डर मिळाला. गिटला नावबदलाच्या पलीकडे जाऊन माग काढायला सांगितल्याशिवाय तिचा आधीचा इतिहास दिसत नाही.

पुस्तके कशी वाचावीत

मॉरिस बाख यांचे १९८६ चे युनिक्सच्या रचनेवरचे पुस्तक कल्पना समजण्यासाठी आजही वाचावे. मूळचे सोलापूरचे अच्युत गोडबोले यांचे ‘ऑपरेटिंग सिस्टीम्स’ हे इंग्रजी पाठ्यपुस्तक विषयाची ओळख करून घ्यायला उपयोगी आहे. लिनक्ससाठी रॉबर्ट लव्ह यांचे पुस्तक सर्वांत सुबोध, पण त्याची तिसरी आवृत्ती २०१० ची आहे. बोव्हे आणि चेसाती यांचे जाडजूड पुस्तक २००५ चे. त्यानंतर पुलाखालून बरेच पाणी गेले आहे. २००७ मध्ये आलेला सीएफएस शेड्यूलर २०२३ मध्ये, ६.६ या आवृत्तीपासून, ‘ईईव्हीडीएफ’ या नव्या पद्धतीला जागा देऊन मागे सरला. म्हणून पुस्तकातून कल्पना घ्यावी आणि फंक्शनांची नावे आजच्या कोडमधून. दोन्हींत फरक दिसला तर तो का पडला, हे गिटच्या इतिहासात शोधणे हाच एक सुरेख अभ्यास होतो. ज्यांना पुढे याच कामात जायचे आहे, त्यांच्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टीमवरचा पदविका अभ्यासक्रम हा एक रुळलेला मार्ग आहे.

रोज तासभर, आणि शक्य असेल तर दोघांनी मिळून, असे वाचन सर्वांत चांगले टिकते. एकाने कोड मोठ्याने समजावून सांगावा, दुसऱ्याने ‘हे कशावरून?’ असे विचारत राहावे. आठवड्याला एक फंक्शन पक्के झाले तरी वर्षअखेरीला हातात पन्नास फंक्शने असतात. एवढ्या भांडवलावर ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरातल्या ‘स्टेजिंग’ विभागात एखादी छोटी दुरुस्ती करून पाठवता येते. पाठवण्याआधी कोडची शिस्त तपासणारी स्क्रिप्ट आणि तो कोणाकडे पाठवायचा ते सांगणारी स्क्रिप्ट, दोन्ही कर्नलसोबतच मिळतात. पहिली दुरुस्ती परत आली, चुका दाखवल्या गेल्या, तर तो अपमान नसतो. सगळ्यांच्या दुरुस्त्या अशाच परत येतात.

शेवटी एक विनंती. कर्नलच्या कोडसोबत ‘डॉक्युमेंटेशन’ नावाचा फोल्डर येतो आणि त्यात भाषांतरांचा एक उपफोल्डर आहे. तिथे चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश भाषांतले मजकूर आहेत. मराठीला अजून तिथे जागा मिळालेली नाही. ज्या वाचकांनी वर सांगितल्याप्रमाणे माग काढताना मराठीत टिपणे लिहिली असतील, त्यांनी ती वहीतच ठेवू नयेत. नीट तपासावीत, जाणत्या माणसाकडून दुरुस्त करून घ्यावीत आणि आपल्या महाविद्यालयातल्या पुढच्या वर्गाच्या हाती द्यावीत. अशा पाच-सहा वह्या एकत्र आल्या, तर कर्नलच्या त्या फोल्डरात मराठीचे पहिले पान घालण्याचे काम अळणावर-धारवाडची मुलेही करू शकतील.